कधीच न लढलेली फौज टेबलावर कशी लढवायची?

पॅटर्नवाला

दर दुसऱ्या रविवारी वडगावात एका दोस्ताच्या माडीवर आम्ही चौघं दुसरं महायुद्ध लढतो. सहा बाय चारचं प्लाय, इंचभर उंचीचे शिपाई, फासे, मोजायची टेप आणि मधूनमधून भांडण. फौजा वाटून घेतल्या तेव्हा एकानं जर्मन घेतले, एकानं रशियन. तिसऱ्यानं मराठा लाइट इन्फंट्रीची इटलीतली बटालियन उचलली. बेळगावात ती कुणीतरी उचलणारच की. १९२२ पासून रेजिमेंटचं सेंटर इथं आहे. नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ती सेनियो नदीवरची ९ एप्रिल १९४५ ची चढाई हा गडी अजून महिन्यातून एकदा तरी लावतो.

मी स्वित्झर्लंड घेतला. ‘चॉकलेट फेकून मारतोस काय रे?’ असं तिघंही एकदम बोलले.

खरं सांगायचं तर सुरुवात हट्टानंच झाली. मग वाचत गेलो आणि अडकलो. या देशाची शेवटची लढाई १८४७ ची, तीही आपापसातली. २६ दिवसांत आटोपली आणि मेले शंभराच्या आसपास. त्यानंतर लढाईच नाही. पण सप्टेंबर १९३९ ला ४२ लाखांच्या देशानं सुमारे ४ लाख ३० हजार माणूस वर्दीत उभा केला. शांततेच्या काळात तिथं ‘जनरल’ हे पदच नसतं. युद्ध दारात आलं की संसद एकाला निवडते. तसा ३० ऑगस्ट १९३९ ला आंरी गिझां निवडला गेला. जर्मनांनी स्वारीचा आराखडा करून ठेवला होता, ‘टानेनबाउम’ नावाचा. तो कागदावरच राहिला. म्हणजे माझी प्रत्येक लढाई ‘झाली असती तर’ची.

आणि फौज तरी कसली गोड! रणगाडे किती म्हणाल तर २४. एका तुकडीचे नव्हेत, अख्ख्या देशाचे. चेकोस्लोव्हाकियाकडून मागवलेले, निम्मे तिथून आले आणि निम्मे देशात जोडले. तोफेची नळी २४ मिलिमीटरची. आमच्या जर्मनवाल्याकडं एकट्याकडं १९ रणगाडे आहेत. मी मनावर घेतलं तर स्वित्झर्लंडचं सगळं चिलखती दळ एका मिठाईच्या बॉक्सात भरून बसनं नेता येईल.

माझा जीव मात्र सायकलस्वारांवर. १८९१ ला सुरू झालेली ही सायकल पलटण २००३ पर्यंत चालू होती. १९०५ चं मॉडेल, गिअर एकही नाही, वजन २३ किलोच्या वर, आणि आल्प्सचे घाट. इंचभर शिपायाला सायकल आणायची कुठली? मी उद्यमबागेत पॅटर्न शॉपला आहे, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी नमुने घडवतो, त्यामुळं हत्यारं हाताशी. आपल्या मापात चाक बसतं साडेबारा मिलिमीटरचं. १२ एमएम ड्रिलच्या दांड्यावर तांब्याची तार स्प्रिंगसारखी गुंडाळली, एका बाजूनं उभी कापली, की एका दमात वीस रिंगा पडतात. तार जरा उमलते, त्यामुळं माप बरोबर जमतं. रिंगेचं तोंड डाग देऊन बंद करायचं. आऱ्या घातल्या नाहीत, तेवढी नजर राहिली नाही आता. आठ सायकली करायला सव्वा महिना गेला.

हेल्मेटची वेगळी कथा. स्विस हेल्मेट १९१८ चं. जर्मन हेल्मेटला कपाळापासून कानाकडं जाताना पायरी असते, याला नाही. कडा सगळीकडून सारखी खाली उतरते. एम-सीलनं पहिली आठ केली, ती डोक्यावर उपड्या पणत्या ठेवल्यासारखी दिसली. मग एकच नीट घडवलं, त्याचा सिलिकॉनचा साचा काढला आणि त्यात बाकीची ओतली. पार्टिंग लाईन, म्हणजे साच्याच्या दोन भागांचा सांधा, कडेवरच घेतली, म्हणजे घासायला सोपं. आयुष्यभर पंपाच्या केसिंगचे पॅटर्न केले, पण इतका विचार कधी केला नव्हता.

जुलैत माती खाल्ली. ३२ शिपाई रंगवून झाले आणि घाईघाईनं गॅलरीत स्प्रे वार्निश मारलं. बेळगावचा जुलै म्हणजे भिंतीला हात लावला तरी ओला होतो. सकाळी बघतो तर सगळ्यांवर पांढरी साय. घरातून आवाज आला, ‘असू दे की, आल्प्समध्ये बर्फ पडतंयच नव्हे.’ ब्रशनं चकचकीत वार्निशचा हात फिरवल्यावर बरेचसे निवळले. चौघं अजून भुतासारखे आहेत.

आता मूळ अडचण. तीन वेळा खेळलो, तिन्ही वेळा पाचव्या डावाच्या (म्हणजे पाळीच्या) आत माझा खुर्दा. आमचे नियम मेलेले शिपाई मोजतात, आणि त्यात मी कधी जिंकणार? पण स्विसांचा बेतच तसा नव्हता. २५ जुलै १९४० ला गिझांनं वरिष्ठ अधिकारी बोटीत घातले, र्‍यूत्लीच्या कुरणावर नेले आणि सांगितलं, सपाटी सोडायची, डोंगरात बसायचं. सार्गान्स, गोटहार्ड, सें-मोरिस या तीन गढ्या. माणसं आणि कारखाने बहुतेक सपाटीवर, म्हणजे घरदार उघडं टाकून माळ्यावर चढून बसण्याचा प्रकार. त्यांच्या हातात खरं हत्यार एकच. गोटहार्डचा १५ किलोमीटरचा आणि सिंप्लॉनचा जवळजवळ २० किलोमीटरचा रेल्वे बोगदा. जर्मनीचा कोळसा इटलीला त्यातून जायचा. सुरुंग तयार होते. आलात तर बोगदा नाही, ढिगारा मिळेल.

हे टेबलावर कसं आणायचं? हरूनही जिंकता येईल असा डाव कसा बांधायचा? जाणकारांनी सांगा.

कपिलेश्वर_पूल

आधी प्रचि (प्रकाशचित्रं) टाका. प्रचिशिवाय सायकली आम्ही मानत नाही.

बेळगावात तटस्थ राहिलेला माणूस मी अजून बघितलेला नाही, आणि तुम्ही पलटणच उभी केलीत!

तंबाखूनगरी

निपाणीहून नमस्कार. आम्ही लहानपणी जे करत होतो ते हेच की ओ. दिवाळीला अंगणात किल्ला, त्यावर मातीचे मावळे, आणि शेजारच्या आळीतल्या पोरांनी रात्री येऊन बुरूज पाडला की दुसऱ्या दिवशी मोहीम. फासे तेवढे नव्हते, दगड होते.

डोंगर थर्माकोलचे करू नका, ते केकासारखे दिसतात. किल्ल्याची जुनी पद्धतच वापरा. विटा-दगडांचा ढीग, वर चिखलात बुडवलेलं पोतं, आणि पोतं ओलं आहे तोवर बोटानं घळी पाडायच्या. वाळलं की पोत्याच्या घड्या खडकासारख्या दिसतात. टेबलावर वजन नको असेल तर विटांच्या जागी चुरगळलेले पेपर आणि चिखलाऐवजी पुट्टी. अळीव मात्र पेरू नका. मी एकदा पेरलं होतं, चौथ्या दिवशी मावळे कमरेपर्यंत बुडाले आणि सहाव्या दिवशी दिसेनासे झाले. श्रावणात विहिरीच्या कठड्यावरचं शेवाळ खरवडून सावलीत वाळवायचं. आल्प्सची कुरणं तयार.

शहापूरची_सून

वर्दीच्या रंगासाठी तयार बाटली शोधत बसू नका. खडे बाजारातले साधे अ‍ॅक्रिलिक घ्या. राखाडीत सॅप ग्रीन आणि अगदी टोकभर काळा. पावसात भिजलेल्या जुन्या कौलावर जी हिरवट झाक येते, तो रंग. वर पातळ तपकिरी हात द्यायचा, मग राखाडी वाढवून फक्त घड्यांच्या कडा उचलायच्या. मी आमच्या ह्यांचे रशियन रंगवते. नाव त्यांचं लागतं.

नीरक्षीर

लेख छान, पण ‘गोड फौज’ वाचून थांबलो. बोगद्याचं हत्यार म्हणून कौतुक चाललंय, पण त्याच बोगद्यातून युद्धभर मालगाड्या चालू होत्या ना? धमकी होती तसा धंदाही होता. जर्मनीच्या रिझर्व्ह बँकेकडून सोनं घेतलं, त्यात लुटीचंही होतं. ऑगस्ट १९४२ मध्ये सरहद्द बंद केली आणि जीव वाचवायला आलेल्या ज्यूंना परत लोटलं. हे मी मनाचं सांगत नाही. त्यांच्याच सरकारनं १९९६ मध्ये इतिहासकार बेर्जिए यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमून हे सगळं उकरून काढलं. टेबलावर फक्त सायकली आणि शूर पहारेकरी मांडले, तर तो दिवाळीचा किल्लाच झाला.

पॅटर्नवाला

@कपिलेश्वर_पूल, प्रचि रविवारी. तोवर एक किस्सा घ्या. स्विसांची लढाऊ विमानं मेसरश्मिट १०९, जर्मनीकडूनच विकत घेतलेली. १९४० च्या मे-जूनमध्ये हद्द ओलांडून आलेल्या जर्मन विमानांवर ती सोडली आणि ११ पाडली. गिऱ्हाइकानं दुकानदारालाच त्याच्या मालानं हाणलं.

@तंबाखूनगरी, पोत्याची आयडिया घेतली.

@नीरक्षीर, मान्य. ‘गोड’ मी रणगाड्यांच्या संख्येला म्हटलं होतं, पण तुमचा मुद्दा त्याच्या पलीकडचा आहे. रात्री त्यावर विचार करताना नियमच सापडला. बोगदा शाबूत आहे तोवर दर डावाला दोन्ही बाजूंना एकेक गुण. जर्मनाला कोळसा जातो म्हणून, मला तो आत येत नाही म्हणून. जर्मनानं चढाई केली की त्याचा तो गुण थांबला, आणि बोगदा उडाला की दोघांचाही. आता न लढण्यातही हिशेब आला, आणि तो फार चांगला दिसत नाही हेही आलं. सरहद्दीवरच्या माणसांचं मात्र फाशावर काही करणार नाही. तो खेळ होऊ नये असं वाटतं.

मलप्रभाकाठ

खानापूरहून. एक नियम सुचवतो. स्विसांच्या चार भाषा, जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि रोमान्श. एका तुकडीनं दुसरीला निरोप दिला की फासा टाकायचा, एक पडला तर भाषेचा घोटाळा, निरोप फुकट. मजा येईल.

पॅटर्नवाला

हा नियम नको. एक तर त्यांच्या पलटणी साधारण कँटनप्रमाणं, म्हणजे तिथल्या राज्यांप्रमाणं, उभ्या राहायच्या, त्यामुळं एका तुकडीत बहुधा एकच भाषा. दुसरं म्हणजे चार भाषा म्हटलं की घोटाळा होणारच, हे बाहेरच्याला वाटतं. तुम्ही खानापूर गाडीत बसता नव्हे? कंडक्टर पुढच्या बाईशी कानडीत, तुमच्याशी मराठीत, मागच्या चाचांशी उर्दूत आणि लोंढ्याला उतरणाऱ्याशी कोकणीत बोलतो. सुट्टे पैसे मात्र कुठल्याच भाषेत देत नाही. त्याला उणे एक द्यायचा काय?

मलप्रभाकाठ

गप्प बसलो.

कावेरीपार

नोकरीनिमित्त म्हैसुरात असतो. एक अवांतर, पण फार अवांतर नाही. स्विस शिपाई कर्नाटकात लढून गेलेत. १७८१ मध्ये शार्ल-दानिएल द म्यूरॉन यानं भाडोत्री पलटण उभी केली. आधी ती डचांकडं होती, १७९५ ला सिलोनमध्ये इंग्रजांकडं आली आणि १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात टिपूविरुद्ध उभी राहिली. श्रीरंगपट्टणात कावेरीकाठी जुनी गॅरिसन दफनभूमी आहे, तिथं या पलटणीच्या लोकांची थडगी आहेत. मी मागच्या उन्हाळ्यात गेलो होतो. पाटीवरची नावं वाचत उभा होतो, शेजारी कोण तरी उसाचा रस पीत होतं.

म्हणजे देश लढत नव्हता, पण माणसं पगारावर जगभर लढत होती. तुमच्या मित्रांना सांगा, चॉकलेटवाले नव्हेत.

निवृत्त_सुभेदार

नातवानं हा धागा दाखवला. मी मराठामधून रिटायर. वडीलही त्याच रेजिमेंटचे, नोव्हेंबर १९४३ ला इटलीत सांग्रो नदीवर होते. ते लढाईबद्दल फार बोलत नसत. बोलले तर खेचरं, चिखल आणि थंडी. आणि पूल. जर्मन माघार घेताना मागचा प्रत्येक पूल उडवून जायचा, म्हणायचे.

जी फौज लढली नाही तिचं खेळणं करून काय मिळतं, हे मला कळलेलं नाही. असो, तो तुमचा प्रश्न. पण तुमच्या नियमात चूक आहे ती सांगतो. तुम्ही बोगदा आणि पूल ‘उडवतो’ म्हणता, जसं काही बटण दाबलं की झालं. सुरुंग लावलेल्या पुलावर दोन माणसं वेगळी असतात. एक बत्ती देणारा, दुसरा हुकूम देणारा. महत्त्वाच्या पुलाचा हुकूम कुणी द्यायचा हे आधीच लेखी ठरलेलं असतं. त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या तोंडी सांगण्यावरून पूल उडवायचा नाही. दुश्मन समोर दिसतोय, हुकूम आलेला नाही, आपली गस्त अजून पलीकडं आहे, आणि घड्याळ चालू आहे. लवकर उडवलात तर आपली माणसं पलीकडं मेली. उशीर केलात तर पूल दुश्मनाचा. त्या पाच मिनिटांचा खेळ करा. बाकी सगळी सजावट आहे.

पॅटर्नवाला

सुभेदार साहेब, नमस्कार करतो. माडीवर तुमचा प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवला. मराठावाला उठून उभाच राहिला.

नियम असे केले. खेळाआधी तिसरा माणूस पाकिटात एक आकडा घालून ठेवतो, तिसरा डाव ते सातवा डाव यांपैकी. त्या डावाला हुकूम ‘निघतो’, पण पुलापर्यंत निरोप्यानं चालत न्यायचा. वाटेत निरोप्या पडला तर दुसरा पाठवायचा. हुकूम पोचल्यावर बत्तीचा फासा, सहात एक पडला तर वात विझली, पुढच्या डावाला परत.

याच्यात एक खोटा हुकूमही घातला. १८ एप्रिल १९४० ला स्विस सरकार आणि जनरलनं मिळून सैन्याला कळवून ठेवलं होतं की शरणागतीची बातमी कुठूनही आली तरी ती खोटी धरायची आणि लढत राहायचं. म्हणून जर्मनाला एक पत्ता दिला, ‘लढाई थांबवा’. तो पत्ता पडला की मी फासा टाकायचा. पाच-सहा पडले तर माझी एक तुकडी एक डाव गोंधळून बसते, नाहीतर काही होत नाही.

तंबाखूनगरी

रविवार झाला की ओ. निकाल काय?

पॅटर्नवाला

लिहायला लाज वाटत होती म्हणून दोन दिवस गेले.

पोत्याचा डोंगर झकास झाला, मधून दरी आणि दरीवर रेल्वेचा पूल. पुलामागं बोगद्याचं तोंड. पाकिटात पाच निघाला. जर्मनवाल्यानं चौथ्या डावापर्यंत चढाईच केली नाही. बसून कोळशाचे गुण खात होता आणि चहा पीत होता, मीही बसून गुण खात होतो. @नीरक्षीर, तुमची आठवण निघाली.

पाचव्याला त्यानं दोन्ही बाजूंनी पहाडी तुकड्या सोडल्या. माझा पहिला निरोप्या गेला, तो जुलैच्या चार भुतांपैकी एक होता. दुसरा पोचला. सहाव्या डावाला हुकूम पुलावर हजर, जर्मन पुलापासून नऊ इंचांवर, सुरुंग तयार. आणि माझे आठ सायकलस्वार पुलाच्या पलीकडं, गस्तीवरून परतीच्या वाटेवर. एक डाव मिळाला असता तर अलीकडं आले असते.

नियमाप्रमाणं फासा उचलायचा आणि टाकायचा. तिघं बघत होते. मी फासा हातात घेऊन त्या सायकलींकडं बघत बसलो. सव्वा महिना. बारा एमएमचा ड्रिल. डाग देताना भाजलेलं बोट. शेवटी म्हणालो, ‘एक डाव थांबतो.’

सातव्या डावाला जर्मन आधी हलला. पूल त्याचा, बोगदा शाबूत त्याचा, सायकलवालेही त्याचेच कैदी. ११ विरुद्ध ५.

कपिलेश्वर_पूल

आणि प्रचि??

निवृत्त_सुभेदार

पॅटर्नवाले, सायकली परत बनतात. पूल दुश्मनाकडं गेला की गेला. पुढच्या वेळी त्या आठ जणांत कोण कोण आहे ते बघायचं नाही, मान वळवून हुकूम द्यायचा. माझा एक मेजर असंच सांगायचा. त्यालाही ते कधी जमलं नाही.

पुढचा डाव कधी आहे? नातवाला बघायचा आहे म्हणतो. वडगावात माडी कुठली, जिना फार उभा नाही ना, तेवढं कळवा.

पॅटर्नवाला

साहेब, जिना उभाच आहे, पण खालच्या खोलीत टेबल उतरवतो. पुढच्याच्या पुढचा रविवार, दुपारी तीन. जर्मन तुम्ही घ्या की पूल तुम्ही घ्या, ते आल्यावर ठरवू.

तंबाखूनगरी

तार किती गेजची वापरली? आमच्या पोरानं दिवाळीच्या किल्ल्यावर सायकलवाले मावळे ठेवायचे म्हणून धरणं धरलंय.

पॅटर्नवाला

२२ गेज. मोटर रिवाइंडिंगवाल्याकडं जळक्या वाइंडिंगची मिळते, किलोवर देतो. वरचं वार्निश आधी पॉलिश पेपरनं काढा, नाहीतर डाग धरत नाही. आणि मावळ्याला हँडल जरा उंच करा, ढाल अडकते.